कूर्चेच्या ऑपरेशननंतर पुन्हा मशीनवर उभं राहायचं असेल तर

गुडघ्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराच्या, ऑपरेशनची तारीख ठरली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, कामावर कधी जाऊ?" डॉक्टर विचारतात, काम काय करता? आपण सांगतो, "एमआयडीसीत आहे, कंपनीत." त्यांच्या डोळ्यांपुढं टेबल-खुर्ची येते, ते म्हणतात, "सहा आठवड्यांनी बघू." आपण घरी येऊन सगळ्यांना सांगून टाकतो, दीड महिन्यात हजर. एचआरला सांगतो, सुपरवायझरला सांगतो, पतसंस्थेच्या हप्त्याचं गणितही त्यावरच मांडतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की तारीख विचारायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि आठ तासांत आपल्या गुडघ्याला काय काय करावं लागतं ते लिहून काढा. पदाचं नाव लिहू नका, हालचाली लिहा. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये सेटर आहे, म्हणजे मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारा. माझा कागद असा होता: शिफ्टभर उभं राहणं. पॅलेटवरून वीस-बावीस किलोचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, वाकून उचलून मशीनवरच्या पकडीवर (फिक्स्चरवर) ठेवणं. चिप ट्रे ओढायला आणि कूलंटची पातळी बघायला उकिडवं बसणं. मशीनपुढच्या लोखंडी पायरीवर दिवसभर चढ-उतार. ऑईल आणि कूलंटनं ओली झालेली फरशी. टूल स्टोअरला फेऱ्या. आणि शिवाजी पेठेतून उजळाईवाडीच्या पुढं हायवेनं मोटरसायकलवर जाणं-येणं. हा कागद सर्जनपुढं ठेवला तेव्हा ते हसले नाहीत, पेन घेऊन एकेका ओळीपुढं महिना लिहीत गेले. बसून करायचं काम कुठल्या महिन्यात, उभं राहणं कुठल्या, उचलणं कुठल्या. मला एका तारखेच्या जागी सहा तारखा मिळाल्या, आणि पुढचं सगळं त्याच कागदावर चाललं.

तुमचं काम वेगळं असेल. गुजरीत सोनाराच्या पेढीवर मांडी घालून बसावं लागत असेल, केएमटीत, म्हणजे शहर बसमध्ये, कंडक्टर म्हणून ब्रेकच्या धक्क्यात तोल सांभाळावा लागत असेल, शाळेत वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल. कागद तुमचा तुम्हीच लिहायचा.

आधी कळू द्या, आत नेमकं केलंय काय

गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की गल्लीतला प्रत्येकजण आपापल्या मेव्हण्याचा अनुभव सांगतो. "आमचे दाजी चौथ्या दिवशी चालत होते." दाजींची बहुतेक मेनिस्कसची, म्हणजे दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गादीची, फाटलेली कड कापून काढलेली असते. त्यात माणूस खरंच लवकर चालतो. तीच गादी टाके घालून शिवली असेल, तर मात्र गुडघ्याला आधाराचा पट्टा (ब्रेस) आणि गुडघा किती वाकवायचा यावर काही आठवडे बंधन. आणि हाडाच्या टोकावरचा जो गुळगुळीत थर असतो, ती कूर्चा, तिच्यावर काम केलं असेल तर हिशोब सगळाच निराळा. डिस्चार्ज कार्डवर काय लिहिलंय ते वाचा, नाही कळलं तर विचारा.

माझं मायक्रोफ्रॅक्चर झालं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं ती एकदा उडाली की आपण होऊन नीट भरून येत नाही. म्हणून दुर्बिणीतून तो खड्डा साफ करतात आणि खालच्या हाडाला तीन-चार मिलिमीटरच्या अंतरानं बारीक भोकं पाडतात. त्यातून मज्जेतलं रक्त वर येतं, खड्ड्यात गोठतं, आणि त्या गुठळीची हळूहळू नवी कूर्चा बनते. मूळच्याइतकी दर्जेदार नसते, तंतूंची जरा राठ असते, पण हाड झाकते. लहान खड्ड्याला हा उपाय बरा चालतो. खड्डा मोठा असेल तर हाडासकट कूर्चेचे छोटे दट्टे दुसरीकडून काढून बसवतात, किंवा आपल्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावतात. त्यांचं वेळापत्रक त्या त्या सर्जनकडून घ्यावं, माझं वापरू नये.

ही गुठळी सुरुवातीला अगदी मऊ असते, आणि सगळा जपायचा मामला तिच्यासाठी आहे. फाउंड्रीतल्या लोकांना हे लगेच कळेल: ओतल्यावर कास्टिंग वरून घट्ट झालेलं दिसतं म्हणून कोणी लगेच साचा फोडत नाही. तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबतं, टाके सुकलेले असतात, आणि आपल्याला वाटतं झालं की! दुखत नाही याचा अर्थ एवढाच की कातडी आणि आजूबाजूचं सुधारलं. आतल्या थराला अजून महिने लागायचेत, आणि त्याला नस नसल्यामुळं तो ओरडतही नाही.

सर्जनला एवढं विचारून लिहून घ्या: खड्डा कुठं होता, किती मोठा होता, पायावर वजन कधीपासून आणि किती, गुडघा किती अंश वाकवायचा, पट्टा कधीपर्यंत. 'कुठं' हे फार महत्त्वाचं. मांडीच्या हाडाच्या खालच्या गोलाव्यावर असेल, म्हणजे चालताना जिथं भार येतो तिथं, तर साधारण सहा ते आठ आठवडे पाय जेमतेम टेकवायचा, पण वाकवायचा भरपूर. गुडघ्याच्या वाटीच्या मागं असेल तर बरेचदा उलट: पट्टा सरळ लॉक करून वजन टाकायला परवानगी, पण वाकवण्यावर बंधन. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं बघून आपण करायला गेलो तर नेमकं चुकीचंच होईल.

घर आधी लावून घ्या

कुबड्या ऑपरेशनच्या आधी आणा आणि दोन्ही पाय धड असताना चालायची सवय करा. उंची अशी, की उभं राहिल्यावर कुबडीचं डोकं आणि काख यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत, आणि मूठ मनगटाच्या रेषेत. भार तळहातावर घ्यायचा. काखेवर लोंबकळलात तर हाताला मुंग्या येतात, नस दबते. खालची रबरी बुचं गुळगुळीत झाली असतील तर ती आधी बदला. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती महिनाभर घाम फुटल्यासारखी ओली असते. दारात जुनं पोतं, मोरीच्या तोंडाशी रबरी मॅट, आणि घरातल्यांना एक नियम: पुसलेली फरशी वाळेपर्यंत मी हलणार नाही.

कोल्हापुरी वहाण तेवढे दिवस कोपऱ्यात. चामड्याचा तळवा ओल्यावर घसरतो. मागं पट्टा असलेलं रबरी सँडल घाला.

देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं किंवा विकत घ्याच. मेडिकल साहित्याच्या दुकानात मिळते. भिडेपोटी ही गोष्ट लोक पुढं ढकलतात आणि मग पहिल्याच सकाळी उकिडवं बसायला जातात. अंघोळीला प्लॅस्टिकचं उंच स्टूल. पेठेतल्या जुन्या घरांचे जिने म्हणजे अर्धी शिडीच असते, तेव्हा शक्य असेल तर खाट खालच्या सोप्यात आणा. कुबड्यांमुळं दोन्ही हात अडकतात, त्यामुळं पाण्याची बाटली आणि मोबाईल ठेवायला गळ्यातली पिशवी लागते. मला बायकोनं लेकाची जुनी दप्तराची पिशवी दिली, तिच्यावर छोटा भीम होता. काही बिघडलं नाही.

पहिले आठवडे

बर्फ पंधरा-वीस मिनिटं, कापडात गुंडाळून, दिवसातून चार-पाच वेळा. पाय हृदयापेक्षा वर. उशी टाचेखाली किंवा पोटरीखाली ठेवा, गुडघ्याखाली नको. गुडघ्याखाली उशी ठेवली की आराम वाटतो, आणि त्या आरामातच गुडघा थोडा वाकलेला राहायची सवय लागते. पुढं तो पूर्ण सरळ होत नाही आणि माणूस लंगडतच राहतो. आमच्याकडं बघायला येणारी प्रत्येक काकू मायेनं उशी गुडघ्याखाली सरकवायची, मी तिची पाठ वळली की काढायचो.

पंजा वर-खाली हलवत राहा, जागे असाल तेव्हा दर तासाला. पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. पोटरी एकाएकी सुजली, दाबल्यावर दुखली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, ताप आला, जखमेतून पू-पाणी आलं, तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि कोणी कितीही गळ घातली तरी हाडवैद्याकडं चोळायला न्यायचा नाही. काही जण तर हळद-चुन्याचा लेप टाक्यांवर लावायला सांगतात. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

व्यायामात सगळ्यात कंटाळवाणा तो सगळ्यात कामाचा आहे. पाय लांब करून बसा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. आता गुडघा खाली गादीत दाबायचा आणि मांडी आवळायची. बोटांनी वाटीच्या वर, जरा आतल्या बाजूला हात ठेवा. तिथं एक थेंबाच्या आकाराचा स्नायू आहे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा दाबायला जाल तर तिथं काहीच हलत नाही, मांडी जणू दुसऱ्याचीच. घाबरू नका, सूज असली की मेंदू त्या स्नायूला बंद करून ठेवतो. दुसऱ्या पायावर करून बघा, मग या पायावर. एक दिवस बोटाखाली बारीक थरथर लागते, आणि वाटी जराशी वर सरकते. तिथून पुढं पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, दहा-दहाच्या फेऱ्या. हे जमल्यावरच पाय सरळ उचलायचा व्यायाम. उचलताना गुडघा किंचितही वाकत असेल तर अजून मागच्याच पायरीवर राहा.

वाकवण्यासाठी, तुम्हाला परवानगी असेल तेवढंच, पायात मोजा घालून टाच अंथरुणावर सरकवत जवळ आणायची आणि लांब न्यायची. वजनाशिवायची ही हालचाल नव्या थराला हवी असते. सांध्यातलं वंगण त्यातूनच फिरतं आणि कूर्चेला पोषण मिळतं. काही सर्जन यासाठी पाय आपोआप वाकवणारं यंत्र काही तास वापरायला सांगतात. ते भाड्यानंही मिळतं. नसेल तर हातानं आणि चिकाटीनं करायचं.

खाण्याचं म्हणाल तर पाया सूप येणारच. घरटी एक डबा. प्या, गरम आहे, चवीला नादखुळा आहे. पण त्यातलं काही सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. डाळ, अंडी, दूध, मासे, चिकन, जे परवडतं त्यातून प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, कारण मांडी झपाट्यानं सुकते. तांबड्या रश्श्याबरोबर भाकऱ्या किती, तिथं हात आवरा. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, तेव्हा बसून वाढवलेले पाच किलो गुडघ्याला पाचच लागत नाहीत. आणि मावा, तंबाखू, सिगरेट बंद. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि भरून यायला वेळ लागतो. मंडळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना हे अवघड आहे, मला माहीत आहे.

टेप आणि वही

आता मुख्य गोष्ट. कधी पुढं जायचं आणि कधी थांबायचं, हे दुखण्यापेक्षा सूज जास्त खरं सांगते. शिलाईची टेप घ्या. वाटीच्या बरोबर मधून गुडघ्याचा घेर मोजा. टेप रोज त्याच जागी बसावी म्हणून पेननं दोन्ही बाजूला बारीक रेघ मारून ठेवा, अंघोळीत पुसली की पुन्हा मारा. सकाळी उठल्या उठल्या एकदा, रात्री एकदा. पाय लांब, मांडी सैल. वहीत तीनच रकाने: सकाळ, रात्र, आणि आज नवीन काय केलं.

मशीन शॉपमधल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. जॉबचं माप रोज घेतोच आपण, टूल झिजलं की माप सरकतं आणि आपण मशीनला तेवढी दुरुस्ती (ऑफसेट) देतो. इथंही तेच. रात्री घेर थोडा वाढला आणि सकाळी खाली आला, तर कालचं काम गुडघ्याला मानवलं. सकाळीही वाढलेलाच असेल, किंवा दुखणं झोपेनंतरही तसंच असेल, तर कालचा रकाना वाचा आणि जे नवीन केलं ते दोन-तीन दिवस अर्ध्यावर आणा. ही वही मी फिजिओ मॅडमना प्रत्येक वेळी दाखवायचो. "बरं वाटतंय" यापेक्षा त्यांना ते आकडे जास्त आवडायचे.

वजन टाकायला परवानगी मिळते तेव्हा कागदावर 'वीस किलो' वगैरे लिहिलेलं असतं. वीस किलो म्हणजे पायाला किती, हे अंदाजानं कळत नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्याच उंचीची पाटी किंवा जाड पुस्तकांची चळत शेजारी, चांगला पाय त्यावर. दुखरा पाय काट्यावर टेकवून काटा वीसवर येईपर्यंत दाबा. डोळे मिटा, पुन्हा दाबा, उघडून बघा. पहिल्यांदा बहुतेकांचा काटा पार पुढं जातो. दोन-चार दिवसांत पायाला ते वजन पाठ होतं.

एका कुबडीवर आलात की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. लोक हमखास त्याच बाजूला धरतात आणि मग त्या बाजूला कलून चालतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि कुबडी कधी सोडायची? लंगडणं थांबल्यावर. तारीख उलटली म्हणून सोडलीत आणि लंगडत चाललात तर कंबर आणि दुसरा गुडघा बोंबलायला लागतो.

चालायला मला रंकाळा तलावाचा काठ बरा पडला. सपाट वाट, बसायला कट्टे, आणि दमलं तर रिक्षा मिळते. मात्र संध्याकाळची गर्दी टाळा. भेळेच्या गाड्यांमधून पोरं धावत येतात आणि अचानक वळायला लागतं. पायावर वजन असताना गुडघा पिळणं हे या काळात सगळ्यात वाईट. सकाळी साडेसहाला जा. जखमा पूर्ण भरल्यावर सर्जननं हो म्हटलं तर पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात चालणं फार छान. पाण्यात शरीराचं बरंच वजन हलकं होतं. बेडकासारखे पाय झाडत पोहणं मात्र नको.

पैसे आणि कागद

मला दुखापत झाली ती फुटबॉल खेळताना. वय चाळीसच्या घरात, पेठेतला माणूस, खेळ सुटत नाही. त्यामुळं ती कामावरची दुखापत धरली जात नाही. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड असेल तर अशा वेळी आजारपणाचा लाभ मिळतो: सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस, आणि आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पहिले दोन दिवस साधारणपणे कोरडे जातात. कामावर लागलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं 90 टक्के मिळतात. पण त्यासाठी अपघाताची नोंद कंपनीच्या वहीत त्याच दिवशी झाली पाहिजे. "नंतर लिहू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कंत्राटदाराकडं असलात तरी पगाराच्या चिठ्ठीवर 0.75 टक्के कपात दिसतेय का बघा. दिसत असेल तर तुम्हीही हक्कदार.

बाहेरच्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन करायचं असेल तर आधी ईएसआयच्या डॉक्टरांकडून रीतसर पाठवणी घ्या. नंतर बिलं घेऊन गेलात तर फार चपला झिजतात. सर्टिफिकेटांमध्ये एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका, एकाची मुदत संपायच्या आत दुसरं. प्रत्येकाची झेरॉक्स घरी.

आता हिशोब बघा. 91 दिवस म्हणजे तीन महिने. आणि उभ्यानं करायच्या कामाला साधारण तीन-चार महिने, वजन उचलायच्या कामाला चार ते सहा किंवा जास्तही. म्हणजे पगाराची सोय संपते तिथं गुडघ्याची मुदत संपत नाही. खरी कोंडी इथंच होते, आणि बहुतेक लोक नेमके इथंच पूर्ण कामाला जुंपून घेतात. या मधल्या महिन्यांची तजवीज ऑपरेशनच्या आधी करायची असते. सुपरवायझरकडं तोच हालचालींचा कागद घेऊन जा आणि विचारा, सर्जननं ज्याला सगळ्यात आधीचा महिना लिहिलाय, तसलं बसून करायचं काम शॉपमध्ये कुठं आहे? आमच्याकडं इन्स्पेक्शन टेबल होतं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज अशी मापाची साधनं घेऊन बसायचं आणि रिपोर्ट भरायचे. तिथला पोरगा सेटिंग शिकायला उत्सुकच होता. तो मशीनवर, मी टेबलावर. गावाकडं पैरा करतात तसा व्यवहार झाला, नंतर त्याच्या अडचणीला मी दोन रविवार भरले.

पहिला दिवस आणि पुढं

सर्जनच्या चिठ्ठीवर नुसतं 'हलकं काम' लिहून आणू नका. हलकं म्हणजे किती, ते प्रत्येक साहेब आपापल्या सोयीनं ठरवतो. त्यांना सांगून असं लिहून घ्या: पाच किलोच्या वर उचलणं नाही, उकिडवं बसणं नाही, शिडी नाही, तासाला दहा मिनिटं बसायची मुभा, अमुक तारखेला पुन्हा तपासणी. शेवटची ओळ महत्त्वाची. तारीख दिसली की एचआरही निवांत होतो.

बसायला उंच स्टूल घ्या. बुटक्या खुर्चीत गुडघा काटकोनात तासन्‌तास अडकतो आणि उठताना करकचतो. स्टूलवर गुडघा अर्धा सरळ राहतो, उठायलाही सोपं. उभं राहायला लागलात की पायाखाली जाड रबरी मॅट, आणि एक पाय आलटून पालटून ठेवायला चार इंचाचा लाकडी ठोकळा. सुरुवात अर्ध्या शिफ्टनं. टेपची वही चालूच. ज्या आठवड्यात सकाळचा आकडा शांत राहील, त्याच्या पुढच्या आठवड्यात तास वाढवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. तासही वाढवले आणि वजनही उचललं, मग सूज आली तर ती कशानं, हे कळायला मार्ग नाही.

उचलण्याच्या आधी जागा बदला. पॅलेट जमिनीवर असेल तर ती दोन रिकाम्या पॅलेटवर ठेवायला सांगा, किंवा वर-खाली होणारी ट्रॉली मागा. कास्टिंग कमरेच्या उंचीवर आलं की गुडघ्याचं अर्धं काम वाचतं. आणि वळताना कंबरेतून किंवा गुडघ्यातून पिळू नका, पावलं उचलून पूर्ण फिरा. हे बोलायला सोपं आहे, सायकल टाईमच्या, म्हणजे एका जॉबला ठरलेल्या वेळेच्या, घाईत आठवत नाही. मी मशीनच्या दारावर खडूनं 'पाय फिरव' असं लिहून ठेवलं होतं, पोरांनी त्याखाली काय काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

मोटरसायकलचं गणित पायावर ठरतं. डावा गुडघा असेल तर गिअर आणि सिग्नलला टेकायचा पाय तोच, उजवा असेल तर मागचा ब्रेक. कुबड्या सुटल्या म्हणजे गाडी चालवता येते असं नाही. आधी बंद गाडीवर बसून, कोणीतरी शेजारी उभं करून, एकदम जोरात ब्रेक दाबून बघा, गाडी त्या पायावर तोलून बघा. कचरलात तर अजून वेळ आहे. तोवर कंपनीची बस. बसच्या पायऱ्या उंच असतात, दांडा धरून चांगला पाय आधी.

एक बारीक युक्ती: पट्टा पँटच्या वरून बांधा. आतून बांधला तर दिसत नाही, आणि मग "काय मर्दा, चांगला तर दिसतोयस की, जरा हात लाव इकडं" सुरू होतं. बाहेरून दिसला की कोणी तोंड उघडत नाही. गरज संपल्यावरही, फिजिओ मॅडमची हरकत नाही असं बघून, मी तो काही दिवस कामावर घालतच होतो.

पूर्ण काम हातात घ्यायच्या आधी एक कसोटी. सहा-आठ इंचाच्या पायरीवर दुखऱ्या पायावर उभं राहा, आरशासमोर, आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवून पुन्हा वर या. गुडघा आतल्या बाजूला कलतो का? कंबर एकीकडं पडते का? दुखऱ्या पायावर दहा वेळा, न डगमगता, दुसऱ्या पायाइतकंच नीट जमलं, तर फिजिओकडून ताकद मोजून घ्या आणि मग उचलण्याची ओळ सर्जनकडून खोडून घ्या. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी, तेही त्यांना विचारून. पंगतीत खुर्ची मागायला लाजू नका, हल्ली सगळीकडं टेबलंच असतात.

फुटबॉलचं विचाराल तर धावणं, वळणं, टॅकल हे सगळं बरेच सर्जन किमान सहा ते नऊ महिने नाहीच म्हणतात, काही वर्षभर. मायक्रोफ्रॅक्चरनं भरलेली जागा काही वर्षांनी पुन्हा कुरकुरू शकते, हेही त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि मी ते बायकोसमोर सांगायला लावलं, म्हणजे मंडळातल्या पोरांना परस्पर उत्तर मिळालं. सध्या मी शाहू स्टेडियमवर गॅलरीत बसूनच ओरडतो. तिथं जाणार असाल तर अर्धा तास आधी जा आणि रांगेच्या कडेची जागा धरा. पाय लांब करता येतो, आणि गोल झाला की अंगावर पडणारे एकाच बाजूनं येतात.